नानांच्या ओम्नीचा मागचा सील: मखमलाबादच्या अंगणातल्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

नानांची ओम्नी १९९८ची. कार्बोरेटरवाली, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. द्राक्षांचे क्रेट, भाजीच्या जाळ्या, खताच्या गोण्या, बाळंतिणी, नवरदेव, सगळं तिने वाहिलंय. दरवर्षी पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी आमच्या दिंडीची पातेली, शेगड्या आणि पिठाचे डबे तीच त्र्यंबकेश्वरला नेते. माणसं पायी, भांडी ओम्नीत. यंदा एकादशी २५ जानेवारीला आहे.

सकाळी गाडी पुढे घेतली तर सिमेंटवर तळहाताएवढा काळा डाग. खाली वाकून पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे, बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या कवचाच्या) खालच्या पत्र्याच्या कडेला थेंब लोंबत होता. बोटाने पुसला, पाच मिनिटांत दुसरा तयार.

नाना ओट्यावरूनच म्हणाले, "अरे, मागच्याच वर्षी तर सील टाकलाय ना?"

टाकलाय. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवून क्रँकचा मागचा ऑइल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी चकती, बदलून घेतला होता. चौदा महिने झाले. कंपनीतून आलेला पहिला सील पंचवीस वर्षं टिकला आणि हा चौदा महिनेच, हे मला पटत नाही. म्हणून यावेळी काम घरी करायचं, आणि सील का गेला ते कळल्याशिवाय गिअरबॉक्सला हात लावायचा नाही, असं ठरवलं. मी अंबड एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करतो. मोजमापाची सवय आहे, अवजारंही बरीच आहेत. गिअरबॉक्स मात्र आजवर एकट्याच्या जबाबदारीवर उतरवलेला नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

कामावरून आल्यावर अर्धा तास दिला. बेल हाउसिंगमधून तेल आलं की लोक लगेच "बॅक सील गेला" म्हणतात. त्या एका फटीतून तीन-चार ठिकाणचं तेल बाहेर येऊ शकतं. क्रँकचा मागचा सील हा एक. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा पुढचा सील हा दुसरा. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलं तर तेल इंजिनच्या पाठीवरून ओघळत खाली येतं. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला, कॅमशाफ्टवर चालतो. त्याच्या बैठकीतून पाझर लागला तर ते तेलही बरोबर तिथेच उतरतं आणि खालून पाहणाऱ्याला हुबेहूब मागच्या सीलसारखं दिसतं. चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या, पॅकिंगचा मागचा कोपराही संशयितच.

पहिली पारख नाकाने केली. गिअर ऑइलमध्ये दातांवरच्या दाबासाठी गंधकयुक्त मिश्रण असतं, त्याचा वास उग्र येतो, एकदा ओळखला की चुकत नाही. हा थेंब काळा, पातळ, किंचित जळकट पेट्रोलचा वास. म्हणजे इंजिनचं तेल. इनपुट शाफ्टचा सील यादीतून गेला.

८ डिसेंबर, रविवार

इंजिनची मागची बाजू वरपासून खालपर्यंत धुतली. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे सीट उचलली की डिस्ट्रिब्युटर आणि टॅपेट कव्हर समोरच दिसतात. रॉकेल मिळालं नाही, डिझेल आणि ब्रश वापरला, मग साबणाचं पाणी, मग तासभर उन्हात सुकवलं. डिस्ट्रिब्युटरवर आधीच पिशवी बांधली होती. सुकल्यावर डिस्ट्रिब्युटरच्या बैठकीखाली, टॅपेट कव्हरच्या कडेला आणि ब्लॉकच्या पाठीवर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. पांढऱ्यावर तेलाची वाट लगेच उमटते.

मखमलाबादहून म्हसरूळ, तिथून दिंडोरी रोडने थोडं पुढे जाऊन परत आलो. पंचवीसेक किलोमीटर. सीट उचलली तर वरची पावडर जशीच्या तशी, कोरडी. खाली बेल हाउसिंगच्या कडेला मात्र नवा थेंब. चेंबरच्या मागच्या कोपऱ्यावरची पावडरही बाहेरून कोरडी होती. तेल आतूनच येतंय. मागचा सील, किंवा त्याच्या हाउसिंगचं पॅकिंग.

११ डिसेंबर, बुधवार

ही नोंद सविस्तर लिहितो, कारण सगळ्या कामातलं महत्त्वाचं आज सापडलं.

पिस्टनच्या रिंगांजवळून जळलेला वायू थोडाथोडा खाली चेंबरमध्ये उतरतोच, नव्या इंजिनातही. तो बाहेर काढायला टॅपेट कव्हरमधून एअर क्लीनरकडे ब्रीदरचा पाइप जातो. हा रस्ता बंद झाला की चेंबरमध्ये दाब साठतो आणि तो बाहेरची वाट शोधतो. क्रँकच्या सीलची लिप, म्हणजे शाफ्टवर टेकणारी रबराची कड, बाहेरच्या हवेइतक्याच दाबात काम करायला बनवलेली असते. थोडा दाब ती सोसते, पण कुठे दुखावलेली असेल तर तेल तिथूनच ढकललं जातं.

दाब मोजायला मोठं यंत्र लागत नाही. पारदर्शक नळीचा इंग्रजी यू आकार करून पाटीवर बांधला, अर्ध्यापर्यंत पाणी भरलं, एक टोक ऑइलची दांडी काढून तिच्या नळीवर घट्ट बसवलं, दुसरं टोक हवेत. शेजारी पट्टी चिकटवली. गाडी सुरू करून आयडलवर ठेवली. निरोगी इंजिनात दोन्ही बाजूंचं पाणी जवळजवळ सारखं राहायला हवं. इथे एक बाजू हळूहळू चढली आणि ७० मिमी फरकावर थांबली. भाच्याने ॲक्सिलरेटर दाबला तर पाणी नळीतून उसळून थेट त्याच्या शर्टावर.

"मामा, हे काय झालं?"

त्याला म्हटलं, हेच तर शोधत होतो.

ब्रीदरचा पाइप काढला. बाहेरून धडधाकट, ना चीर ना भेग. उजेडाकडे धरून आत पाहिलं तर सुई जाईल एवढंच भोक. हा रबर तेलासाठी नव्हताच. पाण्याच्या पाइपचा तुकडा कुणीतरी कधीतरी बसवलाय. तेलाची वाफ लागून त्याचा आतला थर फुगला, आणि गरम झाला की आणखी मिटायचा. बाहेरून हात लावून तपासणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. मीही गेल्या दिवाळीत तो पाइप बघितला होता आणि चांगला आहे म्हणून सोडून दिला होता.

१५ डिसेंबर, रविवार

द्वारकेजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून तेल सोसणारा, आत कापडाचा थर असलेला होज आणला. टॅपेट कव्हर काढून आतला जाळीचा कप्पा धुतला, त्यात काळा चिखल घट्ट बसला होता. कव्हरला नवं पॅकिंग. पुन्हा पाण्याची नळी लावली. आयडलवर दोन्ही बाजू सारख्या, ॲक्सिलरेटर दाबल्यावर जेमतेम ५ मिमी हलली.

नानांनी विचारलं, "मग आता सील बदलायला नको?"

मलाही तेच हवं होतं. एक आठवडा चालवून बघू म्हणालो. गाडीखाली रोज रात्री पांढरा पुठ्ठा ठेवायचा, त्यावर तारीख लिहायची.

२२ डिसेंबर, रविवार

सात पुठ्ठे अंगणात ओळीने मांडले. आधी रात्रीत वाटीएवढा डाग पडायचा, आता रुपयाच्या नाण्याएवढा. गळती बरीच कमी झाली, थांबली नाही. दाबाने जी लिप दुखावली ती दाब गेला म्हणून भरून येणार नाही. शिवाय काल पेठ रोडच्या चढावर क्लच सोडताना गाडी थरथरली. तेल क्लच प्लेटला लागलंय. म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचाच.

एक बरं झालं. दाबाचा प्रश्न आधी सुटला नसता तर नवा सीलही याच वाटेने गेला असता.

२४ डिसेंबर, मंगळवार

खरेदी. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा सेट. फ्लायव्हीलमधलं छोटं पायलट बेअरिंग. हाउसिंगचं पॅकिंग लागलं तर असावं म्हणून. आणि सील.

सीलच्या बाबतीत दुकानदाराशी थोडं बोलणं झालं. त्याने आधी काळा नायट्रिल रबरचा काढला. नायट्रिल वाईट नाही, पण साधारण १०० अंशांच्या वर सतत राहिलं की ते कडक होत जातं, आणि लिप कडक झाली की शाफ्टवर टेकत नाही. मी व्हायटनचा मागितला. तो २०० अंशांच्या आसपासही लवचीक राहतो. दुकानदाराने मागे जाऊन तपकिरी सील आणला. किंमत तिप्पट, पण गिअरबॉक्स उतरवायच्या कष्टापुढे ती काहीच नाही. हातात घेऊन पाहिलं. लिपमागची गोल स्प्रिंग जागेवर होती, बाहेरच्या बाजूला धुळीसाठी दुसरी छोटी लिप होती, आणि मुख्य लिपवर बारीक तिरप्या रेघा. या रेघा फिरणाऱ्या शाफ्टवरचं तेल आत परत लोटतात, म्हणून त्यांची दिशा इंजिनच्या फिरण्याशी जुळावी लागते. पाकिटावर बाण होता, बरोबर जुळला. उलट दिशेचा सील बसवला तर तो तेल बाहेर ओढेल.

२८ डिसेंबर, शनिवार

उद्याची तयारी. अंगणाचा सिमेंटचा भाग सपाट आहे, तिथेच गाडी लावली. चारही बाजूंनी घोड्या (लोखंडी स्टँड) लावून उचलली. चाकं काढून आडवी गाडीखाली सरकवली, म्हणजे घोडी सरकलीच तरी चाकावर बसेल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी कधी डोकं घालत नाही आणि भाच्यालाही पहिलं हेच सांगितलं. चारही कोपरे जोर लावून हलवून पाहिले. गाडी हलली नाही.

२९ डिसेंबर, रविवार

सकाळी आठला सुरुवात. थंडी एवढी की पान्याचं लोखंड हाताला चटका देत होतं. आईने अंगणात शेगडी आणून ठेवली. ती गाडीपासून लांब, ओट्याच्या पलीकडे ठेवायला लावली, कारण पेट्रोलची गाडी उघडी होती.

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढली. गिअर ऑइल काढलं. मग प्रोपेलर शाफ्ट. मागच्या फ्लँजवर दोन्ही तुकड्यांवर मिळून एक रंगाची रेघ ओढली, नंतर तसाच जुळवायचा, नाही तर शाफ्टचा तोल बदलून गाडी गुणगुणते. चार बोल्ट सोडले, शाफ्ट मागे घेतला, पुढचं टोक गिअरबॉक्समधून सरकून बाहेर आलं. तिथे प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधली, उरलेलं तेल सांडू नये म्हणून.

स्पीडोमीटरची केबल, क्लचची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, गिअरची जोडणी, स्टार्टर. प्रत्येक गोष्टीचे बोल्ट वेगळ्या डबीत, डबीवर नाव. हे सगळं दीड तासात झालं.

गिअरबॉक्सचा मागचा आधार सोडण्यापूर्वी इंजिनच्या चेंबरखाली लाकडी फळी ठेवून दुसरा जॅक लावला. ओम्नीत गिअरबॉक्स निघाला की इंजिनला मागून धरणारं काही उरत नाही, ते मागे कलतं आणि पुढच्या माउंटिंगवर आणि पाइपांवर ताण येतो. फळी पूर्ण चेंबरभर, नाही तर पत्रा आत दबतो.

बेल हाउसिंगचे बोल्ट निघाले. वरचा एक गंजलेला, त्याला भेदक तेल मारून पाव तास थांबलो. मग गिअरबॉक्स ट्रॉली जॅकवर पट्ट्याने बांधला आणि सरळ मागे ओढला. इनपुट शाफ्ट क्लचमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत खाली झुकू द्यायचा नाही, कारण तोवर सगळं वजन क्लच प्लेटच्या मध्यावर येतं. भाचा जॅक धरून, मी मागून दोन्ही हातांनी. साडेअकराला गिअरबॉक्स गोणपाटावर होता.

आत बघितलं तर क्लच प्लेट तेलाने चकचकीत. अशी प्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरतात, पण अस्तर तेल पिऊन बसलेलं असतं आणि गरम झालं की ते पुन्हा बाहेर येतं. आत साठलेली भुकटी फुंकर मारून उडवली नाही, ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधली. जुन्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचा, आणि ही प्लेट किती जुनी आहे याची मला खात्री नव्हती.

फ्लायव्हीलच्या कडेला आणि क्रँकवर रंगाचा ठिपका दिला, रिंग गिअरच्या दातात पट्टी अडकवून बोल्ट सोडले. फ्लायव्हील दोन्ही हातांनी छातीशी धरून उतरवलं.

आणि सील दिसला. खालच्या बाजूला, घड्याळातल्या सातच्या जागी, ओला. हाउसिंगचं पॅकिंग सगळीकडून कोरडं, म्हणून हाउसिंगला हात लावला नाही. ते काढलं असतं तर चेंबरचे मागचे बोल्टही सोडावे लागले असते.

सील काढण्यापूर्वी डेप्थ गेजने मोजलं, कारण एकदा निघाला की हा पुरावा गेला. बोअरच्या तोंडापासून वर १.६ मिमी आत, खाली २.५ मिमी आत. म्हणजे ०.९ मिमी तिरका. मग सीलच्या पत्र्यात दोन बारीक भोकं पाडली, ड्रिलला टेप गुंडाळून खोली आखून घेतली, दोन स्क्रू अडकवले आणि दोन्हीकडून सारखं ओढत बाहेर काढला. शाफ्टवर काही टेकवून उचकटायचं नाही. तिथे पडलेली एक चीर आयुष्यभर गळते.

लिपवर सातच्या जागीच छोटा काप. बसवताना शाफ्टच्या कडेवर चिमटली असणार.

१ जानेवारी २०२५, बुधवार

संध्याकाळी मोजमाप. शाफ्ट फडक्याने पुसून दिव्याखाली बघितला तर त्याच्यावर दोन खुणा. बाहेरच्या कडेला एक बारीक खोलगट रेघ, नखाला लागणारी. पॉइंट मायक्रोमीटरने व्यासात ०.०५ मिमी कमी. ही कंपनीच्या मूळ सीलची, पंचवीस वर्षांची. त्याच्या आत थोड्या अंतरावर दुसरी, रुंद आणि नुसती चकाकणारी पट्टी, मायक्रोमीटरला न सापडणारी. रुंदी बरोबर ०.९ मिमीच्या आसपास. तिरका सील स्थिर असतो, शाफ्ट फिरतो, त्यामुळे लिप एका रेघेत न चालता पट्टा घासते.

इथे मला त्या मिस्त्रीविषयी न्यायाने लिहायला हवं. त्याने सील मुद्दाम आत बसवला होता. जुनी खाच त्याला दिसली असणार, आणि नवी लिप त्या खाचेवर पडू नये हा त्याचा विचार अगदी बरोबर होता. फक्त सरळ बसवायला त्याच्याकडे साधन नव्हतं, हातोडी आणि पोलादी तुकड्याने ठोकत गेला आणि खालची बाजू जास्त आत गेली. लिप कापली ती तेव्हाच. तरी पहिले काही महिने ती टिकली. पाइप मिटत गेला, दाब वाढत गेला आणि मग तेल सुटलं.

आता माझा सील कुठे बसवायचा? तोंडाशी सपाट बसवला तर लिप जुन्या खाचेवर. १.६च्या पुढे गेलो तर घासलेल्या पट्ट्यावर. मधली जागा कोरी आहे. ०.८ मिमी आत ठरवलं. नवा आणि जुना सील शेजारी ठेवून पत्र्यापासून लिपपर्यंतचं अंतर दोन्हींत सारखं आहे ना ते तपासलं, नाही तर या हिशेबाला अर्थ नाही. ते सारखं होतं.

दुसरा पर्याय शाफ्टवर पातळ स्टेनलेसची स्लीव्ह चढवायचा. खाच याहून खोल असती किंवा कोरी जागा उरली नसती तर तीच घातली असती.

क्रँक पुढे-मागे किती हलतो तेही डायलवर पाहिलं, मॅन्युअलच्या मर्यादेत आहे. वरखाली तरफ लावून पाहिलं, काही जाणवलं नाही. मागचं बेअरिंग झिजून शाफ्ट हेलकावत असेल तर कितीही चांगला सील त्याच्यामागे धावू शकत नाही.

२ जानेवारी, गुरुवार

साहेबांची परवानगी घेऊन सुट्टीनंतर लेथवर दोन वस्तू केल्या. एक, नायलॉनचा ठोकळा. त्याचा कडा सीलच्या पत्र्यावर टेकतो आणि बाहेरचा खांदा हाउसिंगच्या तोंडावर. दोघांत बरोबर ०.८ मिमीचा फरक. खांदा टेकला की सील त्याहून आत जाणारच नाही, आणि चहूकडून टेकला तरच तो सरळ. दोन, ॲल्युमिनियमची दांडी, क्लच प्लेट मध्यावर धरण्यासाठी. एक टोक पायलट बेअरिंगच्या मापाचं, मधला भाग प्लेटच्या भोकाच्या मापाचा.

५ जानेवारी, रविवार

सील बसवला.

बोअर पुसून घेतला. शाफ्टची कड हजार नंबरच्या पॉलिश पेपरने, तेल लावून, फक्त टोकाच्या कोपऱ्यावरून फिरवली, म्हणजे लिप चढताना धार लागू नये. लिप चालते त्या पृष्ठभागाला पेपर लावला नाही. मुख्य लिपला इंजिन ऑइल, दोन लिपच्या मधल्या खाचेत बोटभर ग्रीस. कोरडी लिप सुरू होताच पहिल्या काही सेकंदांत जळते. ३,००० आरपीएमला शाफ्ट सेकंदाला पन्नास वेळा फिरतो.

लिप शाफ्टवर चढवताना पातळ प्लास्टिकच्या फाइल कव्हरची पट्टी गुंडाळून त्यावरून सरकवली आणि मग पट्टी ओढून घेतली. ठोकळा ठेवला, रबरी हातोडीने चौफेर हलक्या टिचक्या. खांदा टेकला तसा आवाज बदलला, भरीव झाला. डेप्थ गेज चार ठिकाणी: ०.८, ०.८, ०.८, ०.८. भाच्याने वहीत लिहून घेतलं आणि मला दोनदा वाचून दाखवलं. नाना वाकून बराच वेळ त्या तपकिरी गोलाकडे बघत होते. मग म्हणाले, "एवढ्याशा चकतीसाठी केवढं उघडलंस रे."

पायलट बेअरिंग बदललं, जुनं बोटाने फिरवलं तर खरखरत होतं. फ्लायव्हील ठिपक्याला ठिपका जुळवून बसवलं, बोल्ट आडवे-तिडवे, टॉर्क रेंचने तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या आकड्याला.

११ जानेवारी, शनिवार

क्लच बसवला. प्लेटची स्प्रिंगवाली उंच बाजू गिअरबॉक्सकडे. प्रेशर प्लेटचे बोल्ट २३ न्यूटन मीटर.

मग गिअरबॉक्स वर घेतला आणि अडलो. शेवटचे दहा-बारा मिमी तो आत जाईना. अशा वेळी बेल हाउसिंगचे बोल्ट घालून कसत कसत ओढायचा मोह होतो. त्याने क्लच प्लेटचा मध्य वाकतो किंवा हाउसिंगचा कान तुटतो. भाचा म्हणत होता, "मामा, एवढंच तर राहिलंय." रात्रीचे साडेआठ झाले होते, खांदे भरून आले होते. गिअरबॉक्स परत खाली घेतला आणि काम थांबवलं.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी ताज्या डोळ्यांनी माझी ॲल्युमिनियमची दांडी मोजली. मधला भाग प्लेटच्या भोकापेक्षा ०.४ मिमी बारीक. तेवढ्याने प्लेट स्वतःच्या वजनाने खाली बसली होती आणि मध्य चुकला होता. दांडीवर पितळी पत्र्याची पातळ पट्टी गुंडाळून माप भरून काढलं, प्रेशर प्लेट सैल करून प्लेट नव्याने मध्यावर आणली, पुन्हा कसली. गिअरबॉक्स वर घेतला, चौथ्या गिअरमध्ये टाकून मागून शाफ्ट हाताने किंचित फिरवत राहिलो, आणि तो आपणहून सरकत जाऊन टेकला. एकही बोल्ट न लावता.

दुपारपर्यंत उरलेलं सगळं जोडलं. प्रोपेलर शाफ्ट रंगाच्या रेघेवर. नवं गिअर ऑइल. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलला, साधारण तीन लिटर. क्लचच्या केबलला मॅन्युअलप्रमाणे ढिलाई ठेवली, नवी प्लेट जाड असते, जुनी जुळवणी तशीच ठेवली तर ढिलाई वाढते आणि क्लच पूर्ण सुटत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

गाडी सुरू केली. आधी इग्निशनची तार काढून काही वेळ नुसतं इंजिन फिरवलं, तेल सगळीकडे पोचावं म्हणून. पाण्याची नळी पुन्हा लावली, दोन्ही बाजू सारख्या. दहा मिनिटं आयडलवर, खाली विजेरी घेऊन पडून राहिलो. काही नाही. आईने तिळगूळ गाडीत ठेवला.

१९ जानेवारी, रविवार

रोज पुठ्ठा. पहिल्या रात्री दोन बारीक ठिपके होते, ते बेल हाउसिंगच्या आत राहिलेलं जुनं तेल. तिसऱ्या रात्रीपासून कोरडा. आज सोमेश्वर, गंगापूर धरण आणि परत, मागे सहा माणसं बसवून. धरणाच्या चढावर मुद्दाम थांबून क्लच सोडला. थरथर नाही.

२६ जानेवारी, रविवार

काल यात्रा झाली. परवा पहाटे ओम्नी भांडी, दोन शेगड्या, तांदळाचं पोतं आणि आमची आजारी आत्या घेऊन त्र्यंबकेश्वरला गेली. नाना स्वतः चालवत होते, मी दिंडीत पायी. वाटेतल्या मुक्कामाला पोचलो तेव्हा भात शिजत आला होता आणि गाडी झाडाखाली उभी होती. टाळ गळ्यात तसेच ठेवून आधी खाली वाकून बघितलं. नानांनी मी यायच्या आधीच वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं. कोरडं.

रात्री घरी आल्यावर ऑइलची दांडी पाहिली, पातळी वरच्या खुणेवर. पुढची नोंद १,००० किलोमीटरला, आणि ब्रीदरचा होज तेव्हा काढून आतून बघायचा.